ब्लड कॅन्सरचा धसका: काय आधी करायचं, काय नंतर

किमो घेऊन त्याच दिवशी घरी जायचं असतं, त्या डे-केअर विभागाच्या बाकावर मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. "ताई, किमोच्या सहा सायकल झाल्या, पेट स्कॅन क्लिअर आला, डॉक्टरांनी हातात हात दिला. मग आता का रडू येतंय?" विचारणारा कधी निफाडकडचा द्राक्षबागायतदार असतो, कधी सातपूरच्या कंपनीतला सुपरवायझर. उपचार चालू असताना या माणसाच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

धसका बसतो एका वेळी आणि बाहेर येतो भलत्याच वेळी. घरोघरी चूक होते ती क्रमात. ऐन किमोत पेशंटला "मनातलं सगळं बोल, मोकळा हो" म्हणून खोदतात, आणि उपचार संपून तो खरंच बोलायला लागला की "आता विसर ना ते" म्हणून गप्प बसवतात. व्हायला हवं नेमकं उलट.

मी डॉक्टर नाही. २०१९ मध्ये मला लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर झाला, आणि बरी झाल्यापासून नाशिकमध्ये पेशंटच्या घरच्यांसोबत बसते. खालचा क्रम मानसोपचारवाल्यांकडून शिकलेला आणि बाकावर बसून तपासलेला आहे.

## तयारी: एक वही, दोन माणसं, एक कागद

वही. मोबाइल नको, दोनशे पानी वही घ्या. उजव्या पानावर शरीर: ताप, काउंट (रक्तपेशींचा आकडा), त्या दिवशीची औषधं, किती तास झोप. डाव्या पानावर मन: आज जिवाला किती घोर, ० ते १० मधला एक आकडा, आणि एक ओळ. बस्स. डायरी लिहायची नाही. दोन्ही पानं समोरासमोर का, ते पहिल्या पायरीत कळेल.

दोन माणसं. एक फाईलचा माणूस आणि एक गप्पांचा माणूस. फाईलचा माणूस रिपोर्ट, बिलं, रक्तदाते, आरोग्यमित्र (सरकारी योजनेचा हॉस्पिटलमधला मदतनीस) सांभाळतो. गप्पांचा माणूस काउंट किती हे कधीच विचारत नाही. तो क्रिकेट, कांद्याचा भाव, शेजारच्यांची भांडणं यांवर बोलतो. दोन्ही कामं एकाच बायकोवर किंवा एकाच मुलावर टाकली की तिसऱ्या आठवड्यात ते माणूस कोलमडतं, आणि पेशंटला प्रत्येक चेहऱ्यावर फक्त रिपोर्ट दिसतो.

कागद. फ्रिजवर चिकटवा. वॉर्डचा चोवीस तास लागणारा नंबर, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, आणीबाणीचा ११२, आणि पेशंटला चालणाऱ्या रक्तगटाच्या पाच-सहा दात्यांची नावं. एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट्स, द्यायला दात्याला तास-दीड तास बसावं लागतं आणि प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात. त्यामुळे दाते आधी सांगून ठेवायचे. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "अर्जंट" टाकणाऱ्या मुलाचा धसका पेशंटपेक्षा लहान नसतो.

पैशाची बाजूही आत्ताच बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे. आपल्या आजाराचं कोणतं पॅकेज लागतं ते योजनेत असलेल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. नुसता "बघू" म्हणून ठेवलेला खर्च रात्री उशाशी येऊन बसतो.

> तपासा: औषधांच्या यादीत काढे, चूर्णं, गुळवेल, अश्वगंधा, शेजाऱ्यांनी दिलेली पुडी हेही लिहिलंय का? नसेल तर आत्ता लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

## पायरी १: आधी अंगातलं कारण शोधा

जीव घाबरणं, छातीत धडधड, रात्रभर टक्क डोळे, घरच्यांवर खेकसणं. हे मनातून येतं, तसंच रक्तातूनही येतं. हिमोग्लोबिन सातवर आलं की जिना चढताना धडधडणारच. थायरॉइड बिघडलं, दुखणं नीट आटोक्यात नसलं, तरी माणूस "डिप्रेशनमध्ये" वाटतो.

सगळ्यात जास्त फसवतात ती स्टेरॉइडं. एएलएल (झपाट्याने वाढणारा एक रक्तकॅन्सर), लिम्फोमा आणि मायलोमा (हाडांच्या मगजातल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) यांच्या उपचारांत बहुतेकदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं. घेतलं की मन भरधाव, थांबलं की दोन-तीन दिवसांत गळून जाणं. इंदिरानगरच्या एका काकूंनी मला त्यांची वही दाखवली होती. काकांना मायलोमा, आठवड्याला एकदा डेक्सा. उजव्या पानावर दर गुरुवारी "गोळी", डाव्या पानावर शुक्रवारी "पहाटे तीनला उठून माळा आवरला", आणि रविवारी दर वेळी "९. रडले. माझ्यावर ओरडले." सहा आठवडे एकसारखे. काकूंना वाटत होतं संसार मोडतोय. वही पाहून डॉक्टरांनी गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितली, डोसही थोडा बदलला. रविवार नऊवरून पाचवर आला.

> सावधान: किमोनंतर काउंट पडलेले असताना १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, किंवा थंडी वाजून कापरं, ही घबराट नव्हे. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा. माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, दिवस-रात्र विसरला, तरी तेच. इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, प्लेटलेट्स खूप कमी असताना मेंदूत रक्तस्राव, यांपैकी काहीही असू शकतं. समुपदेशक नंतर.

## पायरी २: निदान लपवू नका, एका दमात ओतूही नका

"बाबांना रक्तात इन्फेक्शन आहे एवढंच सांगितलंय, तुम्ही काही बोलू नका हं." हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते. बाबा ज्या खुर्चीत बसून किमो घेतात तिच्यासमोर भिंतीवर मोठ्या अक्षरांत ऑन्कोलॉजी लिहिलेलं असतं. दुसऱ्या सायकलपर्यंत बाबांना कळलेलं असतं. मग तेही घरच्यांपासून लपवतात, की पोरांना त्रास नको. दोन्ही बाजू नाटक करतात आणि रात्री दोन्ही खोल्यांत दिवा जळत राहतो.

सांगण्याचा क्रम असा ठेवा.

1. आधी विचारा: "डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकायचंय, की थोडं-थोडं?" काही जण खरंच म्हणतात, "मला नको, पोराला सांगा." तेही मान्य करा, पण निर्णय त्यांचा असू द्या.
2. एका वाक्यात नाव घ्या. "हा रक्ताचा कॅन्सर आहे, याला अमुक म्हणतात, आणि यावर उपचार आहेत."
3. मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. दोन मिनिटं काहीच बोलायचं नाही.
4. फक्त या आठवड्यात काय होणार ते सांगा. पाच वर्षांचं नको.
5. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा. पहिल्या दिवशीचं निम्मं कानावरून गेलेलं असतं.

अक्यूट ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्तकॅन्सरमध्ये, निदान आणि उपचार यांत फार तर काही दिवस असतात. कधी सोमवारी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मंगळवारी बोन मॅरो (हाडातल्या मगजाची तपासणी) आणि त्याच आठवड्यात किमो. मन मागे राहतं. तिथे वरच्या पाच पायऱ्या एका रात्रीत कराव्या लागतात, आणि त्या अर्धवटच होतात. पुढे मूल हवं असेल तर वीर्य किंवा बीजांड साठवण्याचा प्रश्न मात्र किमोआधीच विचारा. नंतर विचारलं तर ती हळहळ वर्षानुवर्षं पुरते.

मला माझं निदान बिलाच्या रांगेत कळलं. काउंटरवरच्या मुलीने फाईल बघून मोठ्यांदा विचारलं, "लिम्फोमाचं डिपॉझिट ना?" हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. पण तेव्हापासून घरच्यांना सांगते: डॉक्टरांना भेटायच्या आधी पेशंटला बिलाच्या रांगेत उभं करू नका.

"मलाच का?" हा प्रश्न येणारच. दिंडोरीकडचा माणूस विचारतो, फवारणीमुळे झालं का? आजी पत्रिका काढतात. बहुतेक पेशंटमध्ये नेमकं एक कारण बोट ठेवून सांगता येत नाही, एवढंच सांगा. वाद घालू नका. "तू जेवणाची हेळसांड केलीस" हे मात्र कोणालाही बोलू देऊ नका.

लहान मुलांना चार गोष्टी पुरतात: आजाराचं नाव, तो तुझ्यामुळे झालेला नाही, शिवल्याने लागत नाही, आणि शाळेतून तुला आणायला कोण येणार. चौथी गोष्ट मोठी माणसं विसरतात. मुलाला तीच हवी असते.

## पायरी ३: धसका ओळखायला शिका

उदास असणं आणि धसका घेणं वेगळं. धसका चार वाटांनी दिसतो.

परत परत येणं. २०२० मध्ये दुकानादुकानांत सॅनिटायझर आलं. किराण्याच्या दारात मुलाने माझ्या हातावर फवारा मारला आणि त्या स्पिरिटच्या वासाने मी थेट डे-केअरच्या खुर्चीत. तोंडात सलाईनची ती धातूसारखी चव. गव्हाचं पीठ न घेता घरी आले. डोक्याला माहीत होतं की हे दुकान आहे, शरीराला नव्हतं.

टाळणं. हॉस्पिटलच्या वाटेवरचा द्वारका चौक नको म्हणून मोठा वळसा. फॉलो-अपची तारीख "विसरणं". टीव्हीवर हॉस्पिटल दिसलं की चॅनेल बदलणं.

मन बधिर होणं. "माझंच काहीतरी चुकलं", "आता कशातच राम नाही". नातू मांडीवर बसला तरी आत काही हलत नाही.

सतत सावध. दर तासाला मानेच्या गाठी चाचपणं, दहा वेळा थर्मामीटर, दार वाजलं की दचकणं.

हे पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना थोडंफार होतं, आणि पुष्कळांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही तसंच राहिलं, किंवा त्यापायी औषध, जेवण, झोप बिघडली, की त्याला आघातोत्तर तणाव विकार आहे का हे तज्ज्ञाने तपासायला हवं. तो अंगावर काढू नका.

हॉस्पिटलच्या रस्त्यालाच उलटी येणं हीसुद्धा याच कुटुंबातली गोष्ट. औषध अजून लागलेलंही नसतं. शरीराने रस्ता आणि औषध यांची गाठ मारून ठेवलेली असते. "नाटक करतो" म्हणू नका. डॉक्टरांना सांगा, यावर उपाय आहेत.

> तपासा: डाव्या पानावरचा आकडा सलग आठवडाभर ४ किंवा जास्त आहे का? कॅन्सर विभागांत वापरल्या जाणाऱ्या ० ते १० च्या त्रास-मापकात ४ पासून पुढे नीट चौकशी करावी असं मानतात. असेल तर पुढच्या भेटीत वही घेऊन जा.

## पायरी ४: बोन मॅरो आणि कंबरेतली सुई

पुढे सगळ्यांत जास्त परत येतात त्या आठवणी बहुधा या टेबलावरच्या. म्हणून इथे आधीची तयारी उपयोगी पडते.

आदल्या दिवशी तीन प्रश्न विचारा. किती वेळ लागेल? कोणी हात धरायला आत थांबू शकेल का? झोपेचं किंवा गुंगीचं औषध देता येईल का? मुलांसाठी तिसरा प्रश्न हट्टाने विचारा.

टेबलावर पेशंटला कुशीवर किंवा पालथं झोपवतात. कंबरेच्या मागच्या हाडावर बधिर करायचं इंजेक्शन देतात, आणि ते चढायला काही मिनिटं जावी लागतात. "अजून दुखतंय, थांबा" म्हणायचा हक्क आहे. हात वर केला की थांबायचं, हे आधीच ठरवून घ्या. हे थांबवता येतं, एवढं माहीत असलं की धसका निम्मा होतो. मग जोर लावून सुई पिळत आत घालतात; दाब जाणवतो, हाडातून कुरकुर जाणवते. शेवटी मगज ओढताना काही सेकंद पायापर्यंत खेचल्यासारखी जी कळ जाते, ती बधिरीच्या औषधाने पूर्ण थांबत नाही. हे पेशंटला आधी सांगा.

त्या सेकंदांत डोक्याला काम द्या. मी नाशिकरोडपासून स्टेशनं म्हणायचे: देवळाली, लहवित, अस्वली, पाडळी, घोटी, इगतपुरी. श्वास आत घ्यायचा लहान, सोडायचा लांब, आणि सोडताना एक स्टेशन. कसाऱ्यापर्यंत कधी जावं लागलं नाही. कोणाला रामरक्षा, कोणाला पाढे, एका पोराला मुंबई इंडियन्सचा संघ. पाठ असलेलं काहीही चालतं; नवीन शिकवू नका.

उठल्यावर कोणीतरी मोठ्याने म्हणा: "झालं. दुपारचे दोन वाजलेत. आपण घरी चाललोय." वेडगळ वाटेल. पण मनाला संपल्याची खूण लागते, नाहीतर ते टेबलावरच राहतं.

> नेहमीची चूक: "काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं." एकदा खोटं निघालं की पुढच्या प्रत्येक सुईला भीती दुप्पट. मुलांना चौघांनी धरून सुई टोचणं ही त्याहून मोठी चूक.

## पायरी ५: वॉर्डातला महिना

एएमएलची (हाही एक अक्यूट ल्युकेमिया) पहिली किमो साधारण आठवडाभराची असते, पण काउंट वर यायला तीन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस एक खोली, एक खिडकी, मास्क लावलेले चेहरे. या काळात जुन्या जखमा उकरायच्या नाहीत. काय वाटतंय म्हणून खोदून विचारायचं नाही. बोलला तर ऐका, नाही बोलला तर शेजारी बसा. धक्का बसल्यावर लगेच सगळं जबरदस्तीने बोलायला लावल्याने फायदा होत नाही, उलट नुकसान होऊ शकतं.

करायचं ते साधं. दिवसाला तीन खुंट्या: सकाळी तोंड धुऊन कपडे बदलणं, दुपारी घरी एक फोन, संध्याकाळी खिडकीशी दहा मिनिटं. खुंट्या मोडल्या तरी चालेल, वेळ बदलू नका. पडदा दिवसा उघडा, रात्री बंद.

पाहुणे आवरा. द्राक्षाच्या हंगामात नाशिककर रिकाम्या हाताने येत नाहीत, दोन किलोची पेटी घेऊनच येतात. वॉर्डात ती सिस्टर आत सोडत नाहीत आणि पाहुण्यांचा चेहरा पडतो. आधीच निरोप धाडा: पेटी घरच्यांना द्या, पेशंटला फोनवर विनोद सांगा. "अमक्याच्या मेहुण्याला पण हेच होतं, गेला बिचारा" हे सांगणारा पाहुणा प्रत्येक घरात एक असतोच. त्याला फाईलच्या माणसाने खालूनच चहा पाजून परत पाठवावं.

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते. शेजारची खाट. रात्री दोनला पडदा ओढला जातो, पावलं वाजतात, सकाळी खाटेवर नवी चादर. पेशंटने त्या माणसाशी पंधरा दिवस गप्पा मारलेल्या असतात. विचारलं तर उत्तर मिळतं, "शिफ्ट केलं." हा धसका स्वतःच्या आजाराच्या धसक्याइतकाच खोल जातो, कारण त्यावर रडायचीही सोय नसते. घरच्यांनी खोटं बोलू नये. "हो, ते गेले. तुमची दोस्ती झाली होती ना?" एवढं म्हणा आणि त्यांच्याबद्दल बोलू द्या. मग एक वाक्य, डॉक्टरांना विचारूनच: "त्यांचा आजार आणि तुमचा वेगळा कसा, ते सर सांगतील." दोघांचा आजार खरोखर एकच असेल तर हे वाक्य गाळा.

> सावधान: झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून अल्प्राझोलाम आणू नका. काउंट पडलेल्या पेशंटला फंगसची जी औषधं चालू असतात (व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल, पोसाकोनाझोल), त्यांनी ही गोळी शरीरात जास्त काळ साठून राहते आणि गुंगी धोकादायक होते. शिवाय धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात या जातीच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय. तुमच्या डॉक्टरांनी विचार करून लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी.

## पायरी ६: रिपोर्टचे दिवस

पूर्वी रिपोर्ट पाकिटात यायचा. आता रात्री पावणेदहाला मोबाइलवर पीडीएफ टपकते. पेशंट एकटा अंधारात उघडतो, लाल अक्षरातला आकडा बघतो, गूगल करतो आणि सकाळपर्यंत स्वतःचा दहावा-तेरावा घालून मोकळा होतो.

तपासणीच्या आधी ठरवा: रिपोर्ट कोणाच्या नंबरवर येणार (फाईलच्या माणसाच्या), कोण उघडणार, किती वाजेनंतर अजिबात उघडायचा नाही (आमच्याकडे संध्याकाळी सात), आणि डॉक्टरांशी बोलण्याआधी कोणालाही फॉरवर्ड करायचा नाही. उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षं बहुतेकांना दर तीन महिन्यांनी यावं लागतं. तपासणीच्या आधीचा आठवडा वाईटच जातो. कॅलेंडरवर तो आठवडा खुणेने रंगवून ठेवा आणि त्यात लग्नाची खरेदी, घराचा व्यवहार, मोठं भांडण ठेवू नका.

परळला टाटा हॉस्पिटलात किंवा त्यांच्या खारघरच्या केंद्रात दाखवायला जायचं असेल तर आदल्या दिवशी जा. पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेस गाठायची, उभं राहून दादरला उतरायचं आणि मग ओपीडीच्या रांगेत घाम पुसत नंबर ऐकायचा, यात निम्मा धीर प्रवासातच संपतो. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेची चौकशी आधी करा. रेल्वेत आणि एसटीत कर्करुग्णांना भाड्यात सवलत आहे. त्यासाठीचा दाखला हॉस्पिटलातून भरून आणणं हे फाईलच्या माणसाचं काम.

## पायरी ७: "सगळं क्लिअर" झाल्यानंतर

बोलायची वेळ आता सुरू होते. नेमकं आता घरचे पेढे वाटतात.

पेशंटचा आधार एकाच दिवशी सुटलेला असतो. इतके महिने कोणीतरी रोज नाडी बघत होतं, आता तीन महिन्यांनी या म्हणाले. अंगात त्राण नाही, नावं आठवत नाहीत, आरशातला माणूस ओळखू येत नाही. आणि लोक म्हणतात, "आता काय, सुटलास!"

पहिले सहा आठवडे कामावर पूर्ण वेळ परतू नका, परवडत असेल तर. गप्पांच्या माणसाने आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ ठेवावी, गंगापूर रोडला फेरी मारत. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा बाजूबाजूने चालताना माणसं जास्त बोलतात. विचारायचं तेही साधं: "त्या महिन्यातलं सगळ्यात वाईट काय होतं?" आणि ऐकून झाल्यावर सल्ला द्यायचा नाही.

टाळलेल्या गोष्टींसाठी शिडी करा. ज्याला हॉस्पिटलच्या रस्त्याला पोटात गोळा येतो त्याने पहिल्या आठवड्यात फक्त रिक्षाने समोरून जावं. मग गेटपाशी पाच मिनिटं उभं राहावं. मग कॅन्टीनमध्ये चहा. मग तपासणी नसताना सिस्टरांना भेटून यावं. घोर अर्ध्यावर येईपर्यंत त्याच पायरीवर थांबायचं, घाबरून मध्येच पळायचं नाही. एकदम वरच्या पायरीवर उडी मारली तर शिडीच मोडते. आमच्यातला एक जुन्या नाशकातला मुलगा दर रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उडी मारणारा. बोन मॅरो प्रत्यारोपणानंतर डॉक्टरांनी गर्दी आणि ते पाणी दोन्ही वर्ज्य सांगितलं. पहिल्या वर्षी तो खिडकी बंद करून झोपला. दुसऱ्या वर्षी मित्राच्या गच्चीवरून बघितलं, आणि रडला. तिसऱ्या वर्षी गच्चीवरून शिव्या घालत होता.

सीएमएल (सावकाश वाढणारा ल्युकेमिया) असलेल्यांसाठी वेगळी ओळ. रोज एक गोळी, अंगावर काही दिसत नाही, त्यामुळे लोक म्हणतात "तुझा काय, गोळीवाला कॅन्सर." पण ती गोळी रोज सकाळी आठवण करून देते, आणि मन टाळायला लागलं की पहिली गाळली जाते ती तीच. इमॅटिनिब मनाने बंद करू नका. गोळी टाळावीशी वाटणं हे लक्षण समजून सांगा. सीएलएल (आणखी एक सावकाश वाढणारा ल्युकेमिया) किंवा मंद लिम्फोमात "आत्ता उपचार नको, लक्ष ठेवू" म्हणतात. तिथे न केलेल्या उपचाराचाही धसका असतो. अशांनी डॉक्टरांना एकच विचारावं: कोणती लक्षणं दिसली की लगेच यायचं? ती लिहून घ्या. बाकीच्या दिवशी गाठी चाचपू नका.

## पायरी ८: तज्ज्ञाकडे कधी, कुठे, काय घेऊन

कधी: महिन्याच्या वर धसका टिकला, आकडा ७ च्या खाली येईना, फॉलो-अप किंवा औषध टाळलं जातंय, दारू वाढली.

लगेच, त्याच दिवशी: "मला नकोसं झालंय", "तुमचा भार हलका करतो" असं बोलणं, किंवा गोळ्या साठवणं. सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस सुटकेचा श्वास टाकतो. एकटं सोडू नका, औषधांचा डबा आणि शेतातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा, १४४१६ ला फोन लावा, धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा जवळचं हॉस्पिटल.

कुठे: आधी तुमच्याच कॅन्सर डॉक्टरांना विचारा. शासकीय वाट हवी असेल तर त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचार ओपीडी आहे. घराबाहेर पडणं शक्य नसेल तर टेलि-मानस: ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.

काय न्यायचं: वही, औषधांची पूर्ण यादी, शेवटचा सीबीसी. तिथे "टेन्शन आहे" म्हणून थांबू नका. असं सांगा: "मला रोज पहाटे तीनला बोन मॅरोचं टेबल दिसतं, तीन महिने झाले, आणि मी एक फॉलो-अप चुकवलाय." यावर तज्ज्ञाला काम सुरू करता येतं.

काय मिळतं: आघातावर बेतलेली वर्तन-विचार उपचारपद्धती (सीबीटी), ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत वाईट आठवणींवर काम करायची पद्धत), आणि लागली तर गोळी. बोलण्याच्या उपचाराला काही आठवडे लागतात आणि पहिल्या दोन-तीन भेटींनंतर कधी कधी जास्त वाईट वाटतं. लोक तिथेच सोडतात. गोळ्यांचाही परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात. मानसोपचारतज्ज्ञ आणि कॅन्सर डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं करून द्या: नैराश्याच्या काही गोळ्यांनी प्लेटलेट्स कमी असताना रक्तस्रावाचा धोका वाढतो, तर एस्सिटालोप्रामसारखी गोळी उलटीच्या ऑनडॅनसेट्रॉनबरोबर घेताना ईसीजी बघावा लागू शकतो.

> नेहमीची चूक: "मी काय वेडा आहे का?" म्हणून पेशंट अडतो, आणि घरचे मुकाट्याने त्याच्या चहात कुठलंतरी चूर्ण घालतात. चहात काहीही घालू नका.

## पायरी ९: सोबत राहणाऱ्याचं डावं पान

पेशंट उभा राहिला की सोबतचा पडतो. साधारण दोन-तीन महिन्यांनी. बायकोचं बीपी वाढतं, मुलगा कामावर चिडचिड करतो, आई मंदिरात जायची बंद होते. तोवर घरातली सहानुभूती वापरून संपलेली असते, म्हणून ते सांगतही नाहीत.

वहीत त्यांच्यासाठीही रोज एक आकडा लिहा, पहिल्या दिवसापासून. इंदिरानगरच्या त्या काकूंच्या वहीत काकांच्या आकड्याखाली पेन्सिलीने बारीक एक दुसरा आकडा असायचा. मी विचारलं हा कोणाचा, तर म्हणाल्या, "असाच." तो सहा आठवडे आठवर होता, आणि डॉक्टरांनी फक्त पेनाने लिहिलेले आकडे वाचले होते. पुढच्या भेटीला आम्ही तो पेनाने गिरवून नेला.